आरोग्यचिंतन : तोल सावरण्याचे दिवस

पक्षाघाताच्या रुग्णाच्या जिवावरचे संकट टळले आहे आणि त्याला अतिदक्षता विभागातून पुनर्वसन कक्षात हलवण्यात येत आहे, असे डॉक्टरांनी सांगितले की कुटुंबाचा जीव भांड्यात पडतो. ती भावना रास्तच असते. तथापि एका धोक्याच्या दृष्टीने पाहिले, तर खरी कसोटी याच वेळी सुरू होते. अतिदक्षता विभागात रुग्ण निजून असतो. पुनर्वसन कक्षात त्याला उठून बसण्यास, उभे राहण्यास, पाऊल टाकण्यास सांगितले जाते. ज्या पायात अद्याप पुरेसे बळ आलेले नाही, त्याच पायावर भार देणे हा येथील उपचार असतो. साहजिकच पडण्याचा संभव येथे उपचाराच्या बरोबरीनेच वावरत असतो.

या कक्षात येणारे रुग्ण नाना प्रकारचे असतात. कोणाला अर्धांगवायू झालेला असतो, कोणाच्या खुब्याच्या हाडावर शस्त्रक्रिया झालेली असते, कोणाच्या मेंदूला वा मज्जारज्जूला अपघातात इजा पोहोचलेली असते, तर कोणाचा पाय मधुमेहामुळे कापावा लागलेला असतो. मुंबईत हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था १९५५ पासून अशा रुग्णांसाठी कार्य करीत आहे. आता मोठ्या शहरांतील अनेक रुग्णालयांतही स्वतंत्र पुनर्वसन कक्ष दिसतात. रुग्ण तेथे काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत राहतो आणि या मुक्कामात त्याचे शरीर, त्याची औषधे व त्याचा आत्मविश्वास हे तिन्ही सतत बदलत असतात.

पडणे ही किरकोळ बाब नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. अपघाती इजांमुळे होणाऱ्या मृत्यूंमध्ये रस्त्यावरील अपघातांनंतर पडण्याचाच क्रमांक लागतो. पुनर्वसन कक्षातील प्रत्येक पडणे इतके गंभीर नसते. पुष्कळदा खरचटण्यावर वा मुक्या मारावर निभावते. परंतु हाडे ठिसूळ असतील तर नवा अस्थिभंग होतो, आणि रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील तर डोक्याला बसलेला साधा मारही मेंदूत रक्तस्राव घडवू शकतो. याखेरीज एक न दिसणारी इजा असते. एकदा पडलेला रुग्ण पुढे पाऊल टाकण्यास धजत नाही. चालणे टाळल्याने स्नायू अधिक दुबळे होतात आणि दुबळेपणामुळे पुन्हा पडण्याचा संभव वाढतो. अनेक आठवड्यांची मेहनत अशा एका क्षणाने मागे जाते.

म्हणूनच रुग्ण दाखल होताच परिचारिका एक तक्ता भरते. अनेक रुग्णालयांत वापरला जाणारा असा एक तक्ता म्हणजे मॉर्स पतन-मापनश्रेणी. परिचर्याशास्त्राच्या संशोधक जॅनिस मॉर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडात ती तयार केली व १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात सहाच प्रश्न आहेत. रुग्ण अलीकडे पडला होता का? असल्यास २५ गुण. मुख्य आजाराखेरीज दुसरा आजार आहे का? त्यास १५. चालताना काठी, कुबड्या वा वॉकर लागत असल्यास १५. भिंत, खाट, टेबल असे जे हाताशी येईल ते धरून रुग्ण चालत असेल तर ३०. शिरेत सलाइनची सुई असल्यास २०. चाल अशक्त असल्यास १०, स्पष्टपणे बिघडलेली असल्यास २०. आणि शेवटचा प्रश्न : स्वतःच्या मर्यादांचे भान रुग्णाला आहे का? ते सुटले असल्यास १५. बेरीज जास्तीत जास्त १२५ होते. बहुतेक ठिकाणी ४५ वा त्याहून अधिक गुण हा मोठा धोका मानला जातो, आणि मग रुग्णाच्या मनगटावर वा खाटेच्या उशाशी खुणेची पट्टी येते.

ही पद्धत सोपी आहे आणि दोन-तीन मिनिटांत उरकते. तिचा उपयोग आणि तिची मर्यादा एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एकाच कक्षात शेजारशेजारी दोन रुग्ण आहेत असे मानू. पहिल्या आहेत ७२ वर्षांच्या एक आजी. न्हाणीघरात घसरून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले व त्यावर शस्त्रक्रिया झाली. त्यांना रक्तदाबाचा विकार आहे, त्या वॉकर घेऊन लंगडत चालतात; परंतु बुद्धी तल्लख आहे आणि घंटी वाजवून कोणी आल्याखेरीज त्या खाटेवरून पाय खाली सोडत नाहीत. पूर्वी पडल्याबद्दल २५, दुसऱ्या आजाराबद्दल १५, वॉकरबद्दल १५, बिघडलेल्या चालीबद्दल २० अशी त्यांची बेरीज ७५ होते. दुसरे आहेत ६८ वर्षांचे एक गृहस्थ. मेंदूच्या उजव्या भागात रक्तपुरवठा खंडित झाल्याने त्यांची डावी बाजू लुळी पडली. झटका बसल्या जागीच आल्याने ते पडलेले नाहीत. त्यांना मधुमेह आहे, वॉकर लागतो, चाल बिघडलेली आहे, आणि आपल्याला काही झालेलेच नाही अशी त्यांची समजूत आहे. त्यांची बेरीज १५, १५, २० आणि १५ मिळून ६५ भरते.

तक्त्यानुसार आजींचा धोका अधिक आहे. परंतु अनुभवी परिचारिकेला विचारले, तर तिचे लक्ष त्या गृहस्थांकडे अधिक असेल. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांत डाव्या बाजूचे भानच हरपते. डोळ्यांना दिसत असूनही ताटातील डाव्या बाजूची चटणी-कोशिंबीर तशीच राहते. वॉकर डाव्या हाताच्या दारचौकटीवर आदळतो. डावा पाय खाटेच्या कडेला अडकला आहे हे ध्यानातच येत नाही. त्यात उतावळेपणाची भर पडते. पहाटे चारला लघवीची भावना होताच हे गृहस्थ कोणालाही न हाकारता उठतील, हे भाकीत त्या बेरजेतून निघत नाही. ते सहाव्या प्रश्नाच्या उत्तरात मात्र दडलेले आहे. एकूण गुणांपेक्षा ते गुण कोणत्या प्रश्नाने दिले हे वाचणे अधिक मोलाचे असते ते याचसाठी.

पुनर्वसन कक्षात या अडचणीला आणखी एक पदर आहे. येथे दाखल झालेल्या जवळजवळ प्रत्येकाची चाल बिघडलेली असते, प्रत्येकाला काही ना काही आधार लागतो आणि बहुतेकांना एकाहून अधिक आजार असतात. परिणामी कक्षातील बहुतेक सर्वच जण मोठ्या धोक्याच्या गटात जातात. जेथे प्रत्येक मनगटावर एकाच रंगाची पट्टी आहे, तेथे त्या पट्टीने विशेष काही सांगितले असे होत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या राष्ट्रीय आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २०१३ मध्ये याबाबत स्पष्ट भूमिका घेतली. रुग्णालयात कोण पडेल याचे भाकीत करण्यासाठी गुणांकांची साधने वापरू नयेत. दाखल झालेल्या ६५ वर्षांवरील प्रत्येक रुग्णाला, आणि आजारामुळे अधिक धोका असलेल्या ५० ते ६४ या वयोगटातील रुग्णांनाही, धोका आहे असेच धरून चालावे व प्रत्येकाच्या धोक्याची कारणे शोधून ती दूर करावीत, असा तिचा आशय होता.

अर्थात मूल्यमापन सोडून द्यावे असा याचा अर्थ नव्हे. प्रश्न बदलावा, एवढेच त्यातून सूचित होते. ‘हा रुग्ण पडेल का?’ याऐवजी ‘हा रुग्ण केव्हा, कोठे आणि कशामुळे पडू शकेल?’ असे विचारावे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी कक्षातील प्रत्येक तज्ज्ञ आपापल्या बाजूने रुग्णाकडे पाहतो.

फिजिओथेरपिस्ट तोल व चाल तपासतात. १९८९ मध्ये पुढे आलेल्या बर्ग तोल-श्रेणीत १४ कृती असतात : खुर्चीतून उठणे, डोळे मिटून उभे राहणे, जमिनीवरची वस्तू उचलणे, जागच्या जागी वळणे इत्यादी. प्रत्येकीस शून्य ते ४ असे मिळून ५६ गुण होतात. ४५ पेक्षा कमी गुण हे सावधगिरीचे लक्षण मानण्याचा प्रघात आहे. दुसरी चाचणी १९९१ पासून रूढ आहे. रुग्णाने खुर्चीतून उठावे, ३ मीटर चालावे, वळावे, परत येऊन बसावे आणि त्यास लागलेला वेळ मोजावा. ज्येष्ठ व्यक्तीला यासाठी १२ सेकंद वा अधिक लागले, तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात. येथेही केवळ घड्याळ पाहून भागत नाही. वळताना पावले अडखळतात का, खुर्ची नीट न चाचपताच रुग्ण धपकन बसतो का, हे पाहणारा डोळा सेकंदांइतकाच महत्त्वाचा असतो.

परिचारिका रक्तदाब आधी निजलेल्या स्थितीत आणि मग उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजते. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर उठताच डोळ्यांपुढे अंधारी येण्याचे कारण सापडते. डॉक्टर औषधांची यादी पाहतात. झोपेच्या गोळ्या, मनाचा क्षोभ शमवणारी औषधे, रक्तदाबाच्या व लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, इन्सुलिन या प्रत्येकाचा तोलाशी संबंध येतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट रुग्ण कपडे कसे घालतो, कमोडवर कसा बसतो, चाकाच्या खुर्चीचे ब्रेक लावण्याचे त्याला स्मरण राहते का, हे पाहतात. नजर, ऐकू येणे, तळपायाची संवेदना, स्मरणशक्ती यांचीही चौकशी होते. पाय कापलेल्या रुग्णाबाबत एक विशेष सावधगिरी असते. पाय अजून जागेवर असल्याचा भास त्याला होत असतो आणि अर्धवट झोपेत तो त्या नसलेल्या पायावर भार देऊन उठू पाहतो.

हे सर्व एकदाच करून भागत नाही. मुक्कामाचे पहिले दिवस परकेपणाचे असतात. स्नानगृह कोणत्या बाजूला आहे हेही रुग्णाला ठाऊक नसते. पुढे अंगात थोडे बळ येते आणि दुसरा अवघड टप्पा सुरू होतो. खाटेवरून स्वतः उठता येऊ लागले, पण सुरक्षितपणे चालता येत नाही, अशा मधल्या अवस्थेत धोका विशेष असतो. औषध बदलले, ताप आला, लघवीचा संसर्ग झाला, रात्रभर झोप लागली नाही, खाट बदलली, अशा प्रत्येक वेळी मूल्यमापन नव्याने करावे लागते. सोमवारचा तक्ता गुरुवारच्या रुग्णाला लागू पडेलच असे नाही.

रुग्णालयांतील नोंदी पाहिल्या तर एक समान सूत्र आढळते. व्यायामशाळेत, थेरपिस्टच्या हाताखाली चालताना रुग्ण पडण्याचे प्रसंग तुलनेने कमी असतात. पुष्कळ रुग्ण स्वतःच्या खोलीत, खाटेपाशी वा शौचालयाच्या वाटेवर, सोबत कोणी नसताना पडतात. याच्या मुळाशी कित्येकदा वैद्यकीय कारणाइतकाच स्वभावही असतो. जन्मभर कुटुंबाचा भार वाहिलेल्या माणसाला लघवीसाठी दुसऱ्याला उठवणे जड जाते. खाली चटईवर दमून झोपलेल्या मुलाची वा सुनेची झोपमोड कशाला करायची, परिचारिकेला सारखे काय बोलवायचे, या संकोचापोटी तो स्वतःच उठतो. त्यावर रागावणे हा उपाय नव्हे. त्याने मागण्यापूर्वीच ठरावीक वेळी विचारणे हा उपाय आहे. निजण्यापूर्वी, मध्यरात्रीनंतर एकदा आणि पहाटे ‘आता जाऊन येऊ या का?’ असे सोबत्याने स्वतःहून म्हटले, तर संकोचाचे कारणच राहत नाही.

रुग्णाला विश्वासात घेण्याचा प्रभाव किती असतो, याचा भक्कम पुरावा ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासाने दिला. तेथील ८ पुनर्वसन कक्षांत झालेला हा अभ्यास २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांची आकलनशक्ती शाबूत होती अशा रुग्णांना त्यांचा स्वतःचा धोका समजावून सांगण्यात आला, तो टाळण्याचा बेत त्यांच्याकडूनच ठरवून घेण्यात आला आणि तो कर्मचाऱ्यांनाही कळवण्यात आला. दर हजार रुग्ण-दिवसांमागे पडण्याचे प्रमाण १३.७८ वरून ७.८० इतके खाली आले. इतर घटकांचा हिशेब धरूनही घट सुमारे ४० टक्के भरली. ज्यांना समजते त्यांना समजावून सांगितल्याने एवढा फरक पडत असेल, तर मूल्यमापनाचा कागद रुग्णापासून दूर फाइलमध्ये पडून राहणे परवडणारे नाही.

आपल्याकडील रुग्णालयांत रुग्णासोबत घरचे माणूस राहते. ही मोठीच जमेची बाजू आहे. मात्र सोबत्याला शिकवलेले असेल तरच. रुग्णाला खाटेवरून खुर्चीत कसे घ्यायचे, हे त्याने थेरपिस्टकडून प्रत्यक्ष करून शिकावे. लुळा पडलेला हात धरून रुग्णाला कधीही ओढू नये. त्याने खांद्याचा सांधा निखळू शकतो. चालताना बहुधा दुबळ्या बाजूला उभे राहायचे असते, ते विचारून घ्यावे. पायांत गुळगुळीत सपाता वा नुसते मोजे नकोत. मागे पट्टा असलेली, न घसरणारी पादत्राणे असावीत. साडी, लुंगी वा धोतर घोट्याच्या वर राहील असे नेसवावे. चष्मा, श्रवणयंत्र, पाणी आणि बोलावण्याची घंटी रुग्णाच्या चांगल्या हाताशी ठेवावी. सोबत्याला चहासाठी वा औषध आणण्यासाठी बाहेर जायचे असेल, तर परिचारिकेला तसे सांगून जावे. ती पाच-दहा मिनिटे फसवी असतात.

व्रतनियमांची माहितीही डॉक्टरांना आवर्जून द्यावी. चौविहार पाळणारे ज्येष्ठ सूर्यास्तानंतर पाणी घेत नाहीत. कोणी एकासन वा उपवास करतात. हे ठाऊक नसताना रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांची वा इन्सुलिनची वेळ ठरवली गेली, तर पहाटे शरीरातील पाणी वा रक्तातील साखर कमी झालेली असते आणि उठताच भोवळ येते. नियमाचे काय करावे हा रुग्णाचा स्वतःचा निर्णय होय. परंतु तो वेळेवर सांगितला, तर औषधांचे वेळापत्रक त्याच्याशी जुळवून घेता येते का, हे डॉक्टरांना पाहता येते.

भीतीपोटी दुसऱ्या टोकाला जाणेही घातक ठरते. रुग्णाला खाटेला बांधून ठेवल्याने पडणे कमी होते असे सिद्ध झालेले नाही. उलट त्याने इजा होते व गोंधळलेला रुग्ण अधिकच बिथरतो. खाटेचे उंच कठडे ओलांडू पाहणारा रुग्ण अधिक उंचीवरून पडतो. चालता येणाऱ्या माणसाला केवळ सोयीसाठी डायपर लावल्याने त्याचे शौचालयापर्यंतचे चालणे थांबते आणि त्याच्या मनालाही ते लागते. ज्यासाठी रुग्णालयात यायचे, तेच त्यामुळे साधत नाही.

इतक्या उपायांनंतरही रुग्ण पडू शकतो. अशा वेळी त्याला घाईने ओढून उभे करू नये. शुद्ध आहे का, डोक्याला मार लागला आहे का, खुब्यात वा मानेत वेदना आहे का, हे परिचारिका वा डॉक्टर तपासतील, तोवर त्याला आहे तसेच राहू द्यावे. घरी जाण्याचा दिवस लांबेल वा सोबत्याला बोल लागेल, या धास्तीने कित्येकदा पडणे लपवले जाते. ते मात्र कटाक्षाने टाळावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याच्या मेंदूतील रक्तस्रावाची लक्षणे काही तासांनी वा दिवसांनी दिसू शकतात. आणि रुग्ण कसा पडला हे कळले, तरच पुढचे पडणे टाळता येते. जेमतेम सावरलेला तोलसुद्धा सांगण्याजोगा असतो.

घरी परतण्याआधी हेच मूल्यमापन घराचेही व्हावे. उंबरठे, न्हाणीघरातील ओल, खाली बसण्याचे शौचालय, दिव्याचे बटण खाटेपासून किती दूर आहे, दुमडणारे पायपुसणे, ही सर्व माहिती व छायाचित्रे ऑक्युपेशनल थेरपिस्टला आठवडाभर आधी दिली, तर भिंतीला धरपट्टी लावणे, कमोडची सोय करणे अशी कामे वेळेत होतात. तोपर्यंत कक्षातील रोजच्या फेरीच्या वेळी कुटुंबाने इतकेच विचारावे : आज यांना कोणत्या वेळी, कोणत्या जागी आणि कोणत्या कारणाने धोका आहे? मिळालेले उत्तर मोठ्या अक्षरांत लिहून खाटेपाशी लावावे, रात्रीच्या सोबत्याला वाचून दाखवावे आणि रुग्णाची प्रगती होईल तसा तो कागद बदलावा.